प्रमेहीचे पाऊल, मज्जातंतूंची सोनोग्राफी आणि आपण

मधुमेहाच्या रुग्णाच्या पायातील मज्जातंतू सोनोग्राफीवर पाहता येतात, त्यांची जाडी मोजता येते आणि अनेकदा ती वाढलेली आढळते, ही गोष्ट आपल्या व्यवसायबंधूंना आता नवीन राहिलेली नाही. असे अहवाल घेऊन रुग्ण आपल्याकडे येऊ लागले आहेत. पदव्युत्तर विद्यार्थी प्रबंधासाठी हा विषय सुचवू लागले आहेत. चार वैद्य एकत्र बसले की एक प्रश्न हटकून निघतो : हे यंत्र आपल्याही चिकित्सालयात का असू नये? या प्रश्नावरील आमचे मत प्रारंभीच स्पष्ट करतो. यंत्र आपल्या चिकित्सालयात असण्याची आवश्यकता नाही आणि कायद्यानेही त्याला वाव नाही. परंतु त्या यंत्राला कोणता प्रश्न विचारावयाचा हे ठरविणारी परीक्षा प्रत्येक वैद्याच्या हाती आहे, आणि नेमकी तीच आपल्यापैकी फार थोडे जण नियमाने करतात. या लेखाचा रोख यंत्रावर कमी आणि आपल्या या सवयीवर अधिक आहे.

प्रश्न लहान नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यांनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लक्ष रुग्ण आहेत, आणि आणखी १३ कोटींहून अधिक लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. यांतील असंख्य रुग्णांचा पहिला चिकित्सक बी.ए.एम.एस. पदवीधर असतो. पायाला मुंग्या येतात, तळपायाची आग होते, कापसावरून चालल्यासारखे वाटते, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, ही वाक्ये सर्वप्रथम आपल्याच कानी पडतात.

यंत्र काय दाखविते?

सोनोग्राफीचा साधारण १२ ते १८ मेगाहर्ट्झ क्षमतेचा प्रोब त्वचेखाली फार खोल नसलेल्या रचना बारकाईने दाखवितो. आडव्या छेदात निरोगी नर्व्ह मधाच्या पोळ्यासारखी दिसते. त्यातील काळसर ठिपके म्हणजे तंतूंचे जुडगे आणि त्यांमधील उजळ जाळी म्हणजे त्यांची आवरणे. मधुमेहात रक्तातील वाढलेल्या शर्करेचा काही भाग तंतूंमध्ये सॉर्बिटॉलमध्ये रूपांतरित होतो, त्याबरोबर पाणी ओढले जाते, आणि तंतूंना रक्त पुरविणाऱ्या सूक्ष्म वाहिन्याही विकृत होतात. त्यामुळे जुडगे फुगतात, जाळी पुसट होते आणि छेदाचे क्षेत्रफळ वाढते. हे क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये मोजले जाते. पायाच्या आतील घोट्यामागून तळपायाकडे जाणारी पोस्टेरिअर टिबियल नर्व्ह आणि मनगटातील मीडियन नर्व्ह या दोन्ही अरुंद मार्गातून जातात. म्हणून मोजणीसाठी बहुधा त्यांचीच निवड होते.

या विषयाची वाटचाल लक्षात ठेवण्यासारखी आहे. आधीच एका ठिकाणी पीडित असलेली नर्व्ह दुसऱ्या ठिकाणच्या दाबाला लवकर बळी पडते, हा विचार अप्टन व मॅकोमस यांनी १९७३ साली मांडला. मधुमेहाने फुगलेली नर्व्ह घोट्याच्या अरुंद मार्गात दबते, तर तो मार्ग शस्त्रक्रियेने मोकळा करावा, अशी कल्पना त्यातून पुढे आली. कोणत्या रुग्णाला ही शस्त्रक्रिया उपयोगी पडेल हे निवडण्यासाठी सोनोग्राफीचा वापर करावा, असे प्रतिपादन २००५ साली अमेरिकेतील पादचिकित्सकांच्या नियतकालिकात झाले. पुढच्याच वर्षी, २००६ साली, अमेरिकन अॅकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने उपलब्ध पुराव्याची छाननी करून मधुमेहजन्य सार्वदेहिक विकृतीसाठीची ही शस्त्रक्रिया सिद्ध झालेली नाही, असा अभिप्राय दिला. 'नर्व्ह सुजली आहे' हे चित्र दिसणे आणि त्या चित्रावरून चिकित्सा ठरणे यांत किती अंतर असू शकते, हे या उदाहरणावरून ध्यानी यावे.

यंत्राला काय दिसत नाही?

टोरांटो येथील अभ्यासकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात टिबियल नर्व्हची घोट्याच्या वर तीन सेंटिमीटरवर मोजणी केली. मज्जातंतूविकृती असलेल्यांत क्षेत्रफळ निश्चितपणे अधिक होते. परंतु सुमारे १९ चौरस मिलिमीटर ही सीमा धरली असता विकृती असलेल्या शंभर रुग्णांपैकी सुमारे ६९ ओळखले गेले, आणि विकृती नसलेल्या शंभरांपैकी सुमारे ७७ जणांबाबत निर्णय बरोबर आला. म्हणजे ज्यांचे तंतू खरोखर बिघडले आहेत अशा दर शंभरांतील तीसएक जणांना यंत्राने 'ठीक' म्हटले असते. संशोधनासाठी हा निष्कर्ष मोलाचा आहे. समोर बसलेल्या एका रुग्णाचा पाय सुरक्षित आहे की नाही हे केवळ त्यावरून ठरविण्याइतका तो बळकट नाही.

याला आणखी एक कारण आहे. दाह, सुई टोचल्यासारख्या वेदना आणि उष्ण-शीताचे ज्ञान वाहून नेणारे तंतू अतिशय सूक्ष्म असतात. सोनोग्राफीत ते वेगळे दिसत नाहीत. नर्व्ह कंडक्शनची चाचणीही मोठ्या तंतूंचीच परीक्षा करते. त्यामुळे रात्री तळपायाची आग होऊन झोप न लागणाऱ्या रुग्णाचे दोन्ही अहवाल निर्दोष येऊ शकतात. अशा रुग्णाला 'तुम्हाला काही झालेले नाही' असे सांगणे अन्यायाचे ठरेल. शिवाय रुग्णाची उंची व वजन, प्रोब धरण्याचा कोन, मोजणीची नेमकी जागा आणि मोजणाऱ्याचा अनुभव यांनी आकडा बदलतो. दोन केंद्रांतील दोन अहवालांची तुलना करून 'औषधाने सूज उतरली' असे म्हणणे म्हणूनच धाडसाचे आहे.

आमच्याकडे आलेल्या एका प्रौढ रुग्णाच्या हाती असाच अहवाल होता. दोन्ही पायांच्या नर्व्ह जाड झाल्याचे त्यात लिहिले होते आणि रुग्ण त्या शब्दाने धास्तावलेला होता. अहवाल येईपर्यंत त्याने तीन ठिकाणी तपासणी करून घेतली होती. या सर्व प्रवासात त्याला बूट-मोजे काढावयास कोणीही सांगितले नव्हते. ते काढल्यावर उजव्या तळव्याला जोडातून वर आलेल्या खिळ्याची जखम दिसली. ती किती दिवसांची आहे हे त्याला सांगता येईना, कारण ती त्याला कधी दुखलीच नव्हती. त्याचे पाऊल ज्यामुळे धोक्यात होते, ती गोष्ट साध्या दर्शनाने दिसणारी होती.

मज्जातंतू आणि मज्जाधातू

आपल्या काही लेखनात व व्याख्यानांत एक सुलभ समीकरण मांडले जाते. नर्व्हला मराठीत मज्जातंतू म्हणतात, म्हणून नर्व्हची विकृती ही मज्जाधातूची दुष्टी. सोनोग्राफीत नर्व्ह फुगलेली दिसली की तो कफ-मेदाने झालेला वाताचा आवरोध. तंतू क्षीण दिसले की तो धातुक्षय. हे ऐकावयास गोड वाटते. परंतु मज्जातंतू हा शब्द अर्वाचीन मराठीत शरीरशास्त्राच्या पुस्तकांसाठी रूढ झाला. त्या शब्दावरून चरक-सुश्रुतांच्या मज्जेचा अर्थ ठरविता येणार नाही. आवरण आणि क्षय यांचा निर्णय रुग्णाची प्रकृती, अग्नी, बल, मूत्र, वेदनेचे स्वरूप, उपशय व अनुपशय यांवरून होतो. पडद्यावरील एका छेदाचे क्षेत्रफळ हे त्या निर्णयाचे एक अंग होऊ शकेल, पण त्यासाठी पुष्कळ काम व्हावे लागेल. ते होण्यापूर्वी संस्कृत नाव चिकटविल्याने निदानात भर पडत नाही.

आपल्या संहितांनी या प्रश्नाकडे कसे पाहिले ते अधिक उपयुक्त आहे. चरकसंहितेच्या निदानस्थानातील चौथा अध्याय प्रमेहाचा. त्यातील पूर्वरूपांत हातापायांची सुप्तता आणि दाह यांची गणना आहे. म्हणजे व्याधी पूर्ण व्यक्त होण्याआधीच स्पर्शात बिघाड होऊ शकतो, हे निरीक्षण ग्रंथकारांनी नोंदविले. रक्तशर्करा सीमारेषेवर असतानाच काही रुग्णांना पायात मुंग्या व आग जाणवते, हा आजचा अनुभव त्याच्याशी जुळतो. सुश्रुतांनी चिकित्सास्थानाच्या बाराव्या अध्यायात रसायनींच्या दुर्बलतेमुळे प्रमेहींचे दोष वर चढत नाहीत व पिडका शरीराच्या खालच्या भागात उद्भवतात, असे सांगितले आहे. प्रमेहीच्या पायाकडे पाहावयाचे ही शिकवण आपल्याला परकी नाही.

एक लक्षण, दोन व्याधी

निदानस्थानात प्रमेहानंतर लगेच येणारा पाचवा अध्याय कुष्ठाचा आहे, आणि त्याच्याही पूर्वरूपांत सुप्तता आहे. लहानशा व्रणांचेही दूषित होणे व भरून न येणे हे लक्षणही तेथेच सांगितले आहे. आयुर्वेदातील कुष्ठ ही संज्ञा व्यापक आहे आणि आज आपण ज्याला कुष्ठरोग म्हणतो तो त्यातील एक भाग होय, हे वाचकांस ठाऊक आहेच. तरीही सुप्त पाय दिसताच या दोन्ही अध्यायांची आठवण व्हावी, हे पनवेलसारख्या ठिकाणी व्यवसाय करणाऱ्यास फार महत्त्वाचे आहे.

१८७२ साली स्थापन झालेल्या धूतपापेश्वरमुळे पनवेलचे नाव वैद्यवर्गास परिचित आहे. तालुक्यातील नेरे येथील शांतिवनामुळे आणि तेथील कुष्ठरोग निवारण समितीच्या कार्यामुळे हेच पनवेल कुष्ठसेवेच्या क्षेत्रातही परिचित आहे. २०१६ साली येथे महानगरपालिका झाली, शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. आज आमच्या प्रतीक्षागृहात खारघर-कामोठ्याच्या सदनिकांतील रुग्ण आणि डोंगराकडच्या कातकरी व ठाकूर वाड्यांतील रुग्ण शेजारी शेजारी बसतात. मधुमेह आता दोघांनाही होतो. राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजार लोकसंख्येस एकाहून कमी झाल्याचे डिसेंबर २००५ अखेर जाहीर झाले. त्यानंतर हा रोग संपला असा समज चिकित्सकांतही पसरला. वस्तुतः जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतातीलच असतात.

मधुमेह असलेल्या व्यक्तीचा पाय सुन्न झाला की तो मधुमेहानेच झाला असे गृहीत धरले जाते. या गृहीतकात धोका आहे. मधुमेहजन्य विकृती सहसा दोन्ही पायांत सारखी असते, बोटांपासून सुरू होऊन मोज्याप्रमाणे वर सरकते, आणि घोट्याचा प्रतिक्षेप लवकर मंदावतो. कुष्ठरोगात सुप्तता एका बाजूला किंवा विशिष्ट पट्ट्यात असते, त्वचेवर फिकट अथवा लालसर बधिर चट्टा असू शकतो, प्रतिक्षेप बहुधा टिकून राहतो, आणि नर्व्ह बोटांना जाड, कधी स्पर्शासह लागते. कोपरामागील अल्नर, गुडघ्याखाली बाहेरच्या हाडाच्या मानेवरून वळणारी लॅटरल पॉप्लिटिअल आणि आतील घोट्यामागील पोस्टेरिअर टिबियल या तीन नर्व्ह बोटांनी चाचपता येतात. दोन्ही बाजूंची तुलना करण्यास एक मिनिट पुरते.

सोनोग्राफीचा खरा उपयोग येथे आहे. हैदराबाद येथील लेप्रा संस्थेच्या केंद्रातील अभ्यासकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या कामात कुष्ठरुग्णांच्या नर्व्ह सोनोग्राफीने तपासून त्यांतील जाडी आणि डॉप्लरवर दिसणारा वाढलेला रक्तप्रवाह दाखविला. मधुमेहातील वाढ माफक व सर्वत्र पसरलेली असते, तर कुष्ठरोगातील वाढ ठळक, विशिष्ट ठिकाणी व असमान असते. तीव्र प्रतिक्रियेच्या अवस्थेत नर्व्हमध्ये रक्तप्रवाह वाढलेला दिसला, तर विलंब न लावता उपचार करावे लागतात, अन्यथा हातापायाची शक्ती कायमची जाऊ शकते. मधुमेह असलेल्या एका महिलेचा एकच पाय बाहेरच्या बाजूने सुन्न होता व गुडघ्याखालील नर्व्ह बोटांना दोरीसारखी लागत होती. आम्ही तिला त्याच दिवशी शासकीय रुग्णालयात पाठविले. तेथे कुष्ठरोगाचे निदान झाले आणि बहुविध औषधोपचार विनामूल्य सुरू झाले. तिच्या निदानाची सुरुवात दोन पायांची तुलना करणाऱ्या बोटांनी झाली होती.

या दोन व्याधींचे नाते विज्ञानाच्या इतिहासातही आहे. १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आलेले शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या पायांचा अभ्यास केला. पायाचे मांस रोगाने आपोआप सडते ही समजूत त्यांनी खोडून काढली. वेदना होत नसल्याने त्याच ठिकाणी पुन्हापुन्हा होणारी इजा हे व्रणांचे मूळ कारण आहे, हे त्यांनी दाखविले. १९६६ पासून अमेरिकेतील कारव्हिल येथील कुष्ठरुग्णालयात काम करताना त्यांनी हेच ज्ञान मधुमेहींच्या पायांना लागू केले. आज जगभर मधुमेहीच्या पायासाठी वापरला जाणारा दहा ग्रॅमचा मोनोफिलामेंट हा नायलॉनचा धागाही कारव्हिलच्याच बर्क व सिम्स यांनी १९८६ साली कुष्ठ व मधुमेह या दोन्ही रुग्णांवरील अभ्यासाने प्रचारात आणला. भारतातील कुष्ठरुग्णांच्या पायांपासून सुरू झालेले हे ज्ञान आपल्या टेबलावर नसावे, याचे वैषम्य वाटते.

आपल्याच उपचारांतील धोका

पायाची आग होते म्हणून काशाच्या वाटीने तूप लावून तळवे घासावेत, पाय जड झाले म्हणून गरम पाण्यात मीठ टाकून शेकावेत, टाच दुखते म्हणून वीट तापवून त्यावर पाय ठेवावा, हे उपाय महाराष्ट्राच्या घराघरांत आहेत. चिकित्सालयात आपणही स्वेदन, पोट्टली, अग्निकर्म यांची योजना करतो. ज्या पायाला उष्णता कळत नाही त्याला हे सर्व घातक ठरू शकते. पाणी किती तापले आहे हे रुग्णाला समजत नाही आणि फोड आल्यावरही वेदना होत नाही. मधुमेहींच्या पायाचे असे दाहव्रण आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असतील.

येथे नवे संशोधन शोधण्याची गरजच नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौदाव्या अध्यायात स्वेदनास अयोग्य रुग्णांची जी यादी आहे, तीत मधुमेहीचा समावेश आहे. पंचकर्माच्या प्रसाराच्या उत्साहात या निषेधाचे स्मरण कितपत ठेवले जाते, याचा विचार आपण प्रत्येकाने करावा. आमचे म्हणणे एवढेच की स्पर्शपरीक्षा केल्याखेरीज आणि तिची नोंद केसपेपरवर केल्याखेरीज मधुमेहीच्या पायाला कोणत्याही प्रकारे उष्णता देऊ नये. परीक्षेत स्पर्श कमी आढळला, तर अभ्यंग हलक्या हाताने व कोमट तेलाने करावा आणि घरचे शेकणे थांबविण्यास स्पष्ट शब्दांत सांगावे.

यंत्राची मागणी

काही व्यवसायबंधूंचे म्हणणे आहे की प्रशिक्षण घेऊन वैद्यांनी स्वतः मज्जातंतूंची सोनोग्राफी करावी, यात गर्भाचा प्रश्न येत नाही. त्यांची जिज्ञासा आम्ही जाणतो. गावोगावी रेडिओलॉजिस्ट मिळत नाहीत, आणि जे मिळतात त्यांपैकी सर्वांना नर्व्हची मोजणी करण्याचा सराव नसतो, ही अडचणही खरी आहे. तथापि गर्भलिंगनिदानास आळा घालणारा १९९४ चा केंद्रीय कायदा, जो १९९६ पासून अमलात आला व २००३ साली अधिक कडक झाला, यंत्राच्या हेतूकडे पाहत नाही. ज्या यंत्राने गर्भ पाहता येतो त्याची नोंदणी झालीच पाहिजे. नोंदणी नसलेल्यास ते विकणेही गुन्हा आहे, आणि ते वापरणाऱ्याची पात्रता आधुनिक वैद्यकाच्या पदवीशी बांधलेली आहे. अशा कायद्याची वाट १९८८ साली सर्वप्रथम आपल्याच राज्याने घालून दिली. मुलींच्या जन्मासाठी झालेल्या या कायद्यात आपल्या सोयीसाठी फट शोधणे आपल्या संघटनेला शोभणार नाही. दुर्गम भागात प्रशिक्षित रेडिओलॉजिस्ट आठवड्यातून एकदा तरी उपलब्ध व्हावा, ही मागणी मात्र आपण शासनाकडे अवश्य करावी.

व्यवहारात काय करावे?

मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाची पुढील परीक्षा प्रथम भेटीत आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा व्हावी, अशी आमची सूचना आहे.

प्रथम दर्शन. दोन्ही पाय उघडे करून तळवे, बोटांमधील जागा, टाचांच्या भेगा, भोवऱ्या आणि पादत्राणाचा आतील भाग पाहावा. नंतर प्रश्न. सुप्तता केव्हा सुरू झाली, दोन्ही बाजूंना सारखी आहे काय, रात्री हाताच्या मुंग्यांनी जाग येते काय, मद्यपान आहे काय, मेटफॉर्मिन किती वर्षे चालू आहे, हे विचारावे. मेटफॉर्मिनच्या दीर्घ सेवनाने आणि शाकाहारात बी-१२ जीवनसत्त्वाची न्यूनता होऊन नेमकी हीच लक्षणे उद्भवतात व ती उपचाराने सुधारू शकतात. नंतर स्पर्शन. दहा ग्रॅमचा मोनोफिलामेंट वाकेपर्यंत तळव्यावर टेकवावा, भोवरीवर टेकवू नये. १२८ कंपनांच्या ट्यूनिंग फोर्कने अंगठ्यावर कंपनाचे ज्ञान पाहावे. घोट्याचा प्रतिक्षेप, पायाच्या धमन्यांची नाडी आणि वर सांगितलेल्या तीन नर्व्ह तपासाव्यात.

ज्यांच्याकडे कोणतेही साधन नाही त्यांच्यासाठीही मार्ग आहे. इंग्लंडमधील इप्सविच येथील चिकित्सकांनी २०११ साली मांडलेल्या परीक्षेत रुग्णाने डोळे मिटावयाचे असतात. चिकित्सकाने दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला तर्जनीने एक-दोन सेकंद अलगद स्पर्श करावयाचा. सहापैकी दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत तर पाऊल धोक्यात आहे असे समजावे. आपली दर्शन-स्पर्शन-प्रश्न ही त्रिविध परीक्षा येथे एका बोटाच्या अग्रावर येऊन ठेपते. वाडीवर, शिबिरात, रुग्णाच्या घरी, कोठेही ती करता येते आणि रुग्णाच्या सुनेला किंवा मुलालाही शिकविता येते.

परीक्षेअंती विकृती दोन्ही पायांत सारखी, हळूहळू वाढलेली आणि नेहमीच्या स्वरूपाची असेल, तर सोनोग्राफीचा खर्च रुग्णावर लादू नये. तो पैसा योग्य पादत्राणावर खर्च व्हावा. सुप्तता एकांगी असेल, नर्व्ह जाड अथवा दुखरी लागत असेल, मनगट किंवा घोट्याच्या मार्गात दाब पडल्याची लक्षणे असतील, तर सोनोग्राफी सुचवावी, आणि चिठ्ठीवर 'नर्व्हची सोनोग्राफी' एवढेच न लिहिता कोणती नर्व्ह, कोणत्या पातळीवर, कोणत्या शंकेसाठी तपासावयाची ते लिहावे. दोन्ही बाजूंची तुलना मागावी. शक्ती झपाट्याने कमी होत असेल, कुष्ठरोगाची शंका असेल किंवा पायाला जखम असेल, तर सोनोग्राफीच्या तारखेची वाट न पाहता रुग्णास त्याच दिवशी पुढे पाठवावे.

संशोधन करणाऱ्या आमच्या तरुण मित्रांनाही दोन शब्द. औषधापूर्वी व औषधानंतर नर्व्हचे क्षेत्रफळ मोजण्याचा प्रबंध जरूर करावा. मोजणी नोंदणीकृत केंद्रात, एकाच तज्ज्ञाकडून, ठरलेल्या पातळीवर व्हावी, आणि रुग्ण कोणत्या गटातील आहे हे त्या तज्ज्ञास ठाऊक नसावे. क्षेत्रफळासोबत स्पर्शज्ञान, रात्रीची झोप आणि वर्षभरात झालेले व्रण यांचीही नोंद ठेवावी. क्षेत्रफळ दोन चौरस मिलिमीटरने घटले आणि पायाला काटा रुतल्याचे अद्याप कळत नाही, तर त्या औषधाने रुग्णाचे काय साधले याचे उत्तर प्रबंधात असले पाहिजे.

संघटनेच्या शाखांनी आपल्या पुढील सभेत या विषयासाठी अर्धा तास राखून ठेवावा, सभासदांनी परस्परांच्या पायांवर ही परीक्षा करून पाहावी आणि शाखेमार्फत मोनोफिलामेंट एकत्रित मागवावेत, अशी आमची विनंती आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी चिकित्सालयात येणाऱ्या पहिल्या मधुमेहीस 'जीभ दाखवा' म्हणण्याबरोबरच 'चप्पल काढा' असेही सांगावे.